निळ्या रंगाखालचा तडा

हेल्मेट दुरुस्त करणारा माणूस असतो, हे अर्ध्या लोकांना ठाऊकच नसतं. हिंगोलीत बसस्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर नुसतं 'कुशन वर्क्स' लिहिलंय. मोटारसायकलची सीटं, जीपच्या गाद्या, ट्रॅक्टरवाल्यांच्या फर्माइशी आणि एका भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हेल्मेटं, असा सगळा पसारा. छत्तीस वर्षं तिथं बसून काढली. आता शिलाई मशीन एका कारागिराच्या हवाली केलंय, पण हेल्मेटला मी कुणाला हात लावू देत नाही. का लावू देत नाही, ते सांगायलाच हा लेख लिहितोय. संपादकांनी गमतीदार अनुभव लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पुढं गेल्यावर मला हसू येणार नाही, तुम्हालाही यायचं नाही.

आधी धंद्याची थोडी माहिती. हेल्मेटचे तीन भाग. बाहेरचं कडक कवच, त्याच्या आत बोटभर जाडीचा नरम थर आणि डोक्याला लागतं ते कापडाचं अस्तर. माणसं कवच बघून हेल्मेट घेतात आणि अस्तर कुजलं की माझ्याकडं येतात. मधल्या थराकडं कुणीच बघत नाही. मोटारसायकलच्या हेल्मेटात तो थर्माकोलसारखा पांढरा असतो. लोकांना वाटतं, टीव्हीच्या खोक्यात येतं तसलं हे पॅकिंग असावं. 

वसमतचे एक हळदीचे व्यापारी होते. उन्हाळ्यात हेल्मेट घेऊन आले आणि म्हणाले, "डोक्यात भट्टी पेटल्यावानी होतंय. ते आतलं पॅकिंग काढून टाका. पोलीस काय आत हात घालून बघतोय व्हय?"

मी काढून दिलं. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी आले, त्यांचंही काढून दिलं. दुकानामागं त्या पांढऱ्या तुकड्यांचा ढीग साचायचा आणि गल्लीतली मुलं गणपतीच्या मखराला घेऊन जायची. मखर सुरेख व्हायचं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट मुलांना सामान मिळतंय म्हणून बरंच वाटायचं.

दुसरी गंमत मोबाइलच्या गेमची. मध्यंतरी सगळी तरणी पोरं त्या गोळीबाराच्या गेमात बुडाली होती. दोघे दुकानात आले आणि विचारलं, "काका, लेव्हल थ्रीचं हेल्मेट हाय का?" मला वाटलं नवीन कंपनी निघाली. मग त्यांनी मोबाइल दाखवला. त्या गेमात हेल्मेटाच्या तीन पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीचं सगळ्यात दणकट, तोंडावर वेल्डिंगवाल्यासारखी झडप. गोळी लागली की हेल्मेटाची ताकद थोडी कमी होते आणि किती उरली ते पडद्यावर दिसतं. ताकद संपली की हेल्मेट गायब.

मी त्यांना तसलंच करून दिलं. पत्र्याची झडप, तिला बोटभर फट, वर काळा रंग. त्यातला एक गडी ते घालून कळमनुरीला निघाला आणि पहिल्याच वळणावर नालीत गेला, कारण त्या फटीतून त्याला समोरची म्हैस दिसलीच नाही. नशिबानं गुडघ्यावर भागलं. लंगडत परत आला आणि म्हणाला, "काका, फट जरा मोठी करा." आम्ही दोघं पोट धरून हसलो. ताकद किती उरली ते दाखवणाऱ्या त्या पडद्याची आठवण मला पुढं फार वेगळ्या वेळी झाली.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या दुकानात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शिलाई मशीन, कात्री, दाभण, हातोडी सगळं मांडून हळदकुंकू वाहायचं. वडील असताना त्या दिवशी एखाद्या गरजूला सीट फुकट बांधून द्यायचे. मी त्याच्या जागी हेल्मेट देऊ लागलो. वर्षभरात कुणी टाकून गेलेलं एखादं जुनं हेल्मेट घ्यायचं, नवं करायचं आणि पूजेत ठेवून ज्याला गरज आहे त्याला द्यायचं. गोरेगावच्या शाळेतल्या पवार सरांनी मुलींची क्रिकेट टीम उभी केली, तेव्हापासून ही हेल्मेटं त्यांना जात होती. एका वर्षाला एक, अशी तीन गेली. तिन्ही मी गडद निळी रंगवली आणि तिन्हींचं अस्तर पिवळ्या नायलॉनच्या धाग्यानं शिवलं. पिवळा धागा ही वडिलांपासूनची आमच्या दुकानाची खूण आहे.

त्या तीनपैकी एक हेल्मेट एका क्रिकेट क्लबाचं होतं. भरधाव चेंडू थेट कानाच्या वर बसला होता. खेळणारा वाचला, त्यांनी नवीन घेतलं आणि जुनं माझ्याकडं टाकून गेले. मी बघितलं तर कवचाला बोटभर लांबीचा, केसासारखा बारीक तडा. मी त्यात लांबी भरली. लांबी म्हणजे गाडीचा पत्रा रंगवण्याआधी खड्डे बुजवायला लावतात तो मसाला. ती वाळली की पॉलिश पेपरनं घासली, वर रंगाचे तीन हात दिले. आतला थर एका जागी दबून बसला होता, तिथं फोमचा तुकडा चिकटवला आणि अस्तर ओढून घेतलं. काम झाल्यावर मला स्वतःलाच तो तडा सापडेना. कुठं होता, डावीकडं की उजवीकडं, तेही आठवेना. त्याचा मला केवढा अभिमान वाटला! बायकोला दुकानात बोलावून दाखवलं. ज्या हेल्मेटानं एकाचा जीव वाचवला ते शुभच, ते दुसऱ्याच्या कामी यावं, असं मनात धरून मी ते पूजेत मांडलं, हळदीचं बोट लावलं आणि पवार सरांच्या हातात दिलं.

गेल्या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. प्राजक्ता, माझी मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करते. ती महिनाभर घरूनच काम करायला हिंगोलीला आली. हिला वेड आइस हॉकीचं. आमच्याकडं बर्फ बघायचा तर रसवंतीवर, भुश्यात पुरलेला. पण ही लॅपटॉपवर आइस हॉकीचा गेम खेळते, परदेशातले सामने बघते आणि त्या खेळाच्या काय काय गोष्टी सांगत बसते. रविवारची सकाळ होती. मी चुरमुऱ्यांची सुशीला खात होतो आणि ती समोर बसून खेळत होती.

"बाबा, ह्यांची ती काळी चकती असते ना, ती सामन्याआधी फ्रीजरमध्ये ठेवतात."

"काहून?"

"रबराची असते. गार नसली तर बर्फावर टप्पे खाते."

मग तिनं सांगितलं की पूर्वी हे लोक उघड्या डोक्यानंच खेळायचे. पुढं हेल्मेटाची सक्ती झाली, पण जुन्या खेळाडूंना त्यातून सूट दिली. नवी पोरं हेल्मेट घालून आणि त्यांच्याच शेजारी जुने खोंड केस उडवत, असं कित्येक वर्षं चाललं. मी म्हणालो, "आपल्याकडं बी तेच. आमी जुने ड्रायव्हर, आमाला काय होतंय!"

"आणि एक गोलकीपर होता. तोंडावर मुखवटा घालायचा. मुखवट्यावर जिथं जिथं चकती लागेल तिथं तो रंगानं टाके काढायचा, दवाखान्यात घालतात तसले. मुखवटा नसता तर तोंडावर इथं इथं टाके पडले असते, हे दिसावं म्हणून. शेवटी सगळा मुखवटा टाक्यांनी भरला."

मला हसू आलं. "येडंच हाय. आमी डाग झाकायचे पैसे घेतो, अन् ह्यो काढत बसलाय." आणि त्या भरात मी तिला माझ्या निळ्या हेल्मेटाची गोष्ट सांगितली. तडा कसा भरला, रंग कसा दिला, मला स्वतःला कसा सापडेना, सगळं रंगवून सांगितलं.

तिनं गेम थांबवला. "बाबा, फुटलेल्या हेल्मेटाला लांबी भरली तुम्ही?"

"फुटलेलं न्हाई, नुसता तडा."

"जोराचा मार बसला की हेल्मेट संपलं. बाहेरून दिसो न दिसो. आतला थर एकदाच दबतो. तो दबतो म्हणून डोकं वाचतं. दुसऱ्या वेळी दबायला काही उरलेलंच नसतं. तिकडे असलं हेल्मेट थेट फेकून देतात." मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "त्या गोळीबाराच्या गेममध्ये तरी किती उरलंय ते दिसतं."

थर दबला होता हे मी बघितलं होतं. माझ्याच अंगठ्यानं चाचपून बघितलं होतं. आणि त्यावर फोम चिकटवून मोकळा झालो होतो.

"कुणाला दिलं ते?" तिनं विचारलं.

भिंतीवर पवार सरांनी धाडलेलं निमंत्रण टाचलेलं होतं. मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना, गोरेगाव विरुद्ध वसमत, लेदर बॉल, आज सकाळी दहा वाजता. मला नारळ फोडायला बोलावलं होतं आणि डोळ्याचं कारण सांगून मी नाही म्हणालो होतो. घड्याळात पावणेदहा झाले होते.

सरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सामन्यात ते स्वतः पंच असतात आणि फोन शाळेच्या कपाटात ठेवतात, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिलो. गोरेगावची जीप पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही. प्राजक्तानं आईची स्कूटर काढली. घाबरली की हिची पुण्याची भाषा गळून पडते. "बाबा, बसा पटकन. अन् हे घाला," म्हणत तिनं खालच्या दुकानाच्या भिंतीवरचं एक हेल्मेट ओढून माझ्या डोक्यात घातलं.

गावाबाहेर पडलो आणि माझ्या मनात आलं, हे कुणाचं? ह्याच्यावर मी काय काय केलंय? भिंतीवरची सगळी हेल्मेटं माझ्या हाताखालून गेलेली. कुणाचं पॅकिंग काढलेलं, कुणाचं कवच सांधलेलं, सगळ्यांवर नवा रंग. मी हात वर करून रस्ताभर ते चाचपत होतो आणि काही कळत नव्हतं. समोर मुलीच्या डोक्यावरही माझ्याच दुकानातलं हेल्मेट. दोन्ही बाजूंनी शेतात हळद शिजवायच्या कढया लागल्या होत्या. मी प्राजक्ताला हळू चालव म्हणत होतो आणि लगेच जोरात चल म्हणत होतो.

शाळेच्या मैदानाला दोर लावला होता. भोंग्यावर हिंदी-मराठी मिसळून समालोचन चाललं होतं. गोरेगावची फलंदाजी सुरू होती आणि खेळपट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या मुलींच्या डोक्यावर निळी हेल्मेटं होती. मी दोर ओलांडून सरळ खेळपट्टीकडं पळत सुटलो. भोंगा ओरडला, "ओ चाचा, मैदान में मत आइए! कुणीतरी काकांना बाहेर काढा." ऑपरेशनच्या डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यात मोटारसायकलचं हेल्मेट आणि हात हलवत पळणारा म्हातारा. लोक हसायला लागले.

पवार सर पुढं आले. "दिगंबरभाऊ, काय झालं? तुमचा डोळा..."

"हेल्मेट काढा पोरींचे. आधी काढा, मग सांगतो."

एक मुलगी लगेच काढून उभी राहिली. दुसरी वैष्णवी. बारावीतली, सलामीला खेळणारी, टीमची सगळी भिस्त तिच्यावर. ती काढेना. "काका, हे माझं लकी हेल्मेट हाय. हे काढलं की मी आउट होते."

"बाई, काढ गं. पाया पडतो तुझ्या."

माझा आवाज ऐकून तिनं काढलं. आता ओळखायचं कसं? दोन्ही निळी, दोन्ही गुळगुळीत, दोन्हींत पिवळा धागा. माझ्या हातानं मी वाट बुजवून ठेवली होती. शेवटी माठ घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेरानं सगळ्या बाजूंनी वाजवून बघितलं. लांबी भरलेली जागा बद्द वाजते, हे मला गाड्यांच्या कामावरून ठाऊक होतं. पहिलं खणखणीत वाजलं. वैष्णवीचंही खणखणीत वाजलं. दोन्हींचं अस्तर खिशातल्या दाभणानं उसवून आतला थर अंगठ्यानं दाबून बघितला. सगळीकडं सारखा होता. मी खाली बसलो.

"तिसरं कुठंय?" मी विचारलं.

"ते न्हाई हो आता आमच्याकडं," सर म्हणाले. "मागच्या वर्षी साखऱ्याला सामने झाले, तवा त्यांच्या किटमधे गेलं. आमी बी मग मागितलं न्हाई." त्यांनी सामना पुन्हा सुरू करायला दुसऱ्या पंचाला सांगितलं आणि कपाटातला फोन आणायला निघाले. वैष्णवीनं हेल्मेट घालता घालता मला विचारलं, "काका, चांगलं हाय ना मग हे?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

सीमारेषेजवळ खुर्ची देऊन मला बसवलं. प्राजक्ता पाणी घेऊन आली. सरांचा फोन साखऱ्याला लागत होता तेवढ्यात वसमतच्या उंच गोलंदाज मुलीनं चेंडू आपटला आणि तो मॅटवरून उसळून वैष्णवीच्या डाव्या कानावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. ती गुडघ्यावर बसली आणि मग आडवी झाली.

मी तिथपर्यंत कसा गेलो ते मला माहीत नाही. एकच वाक्य डोक्यात घुमत होतं, मी चांगलं हाय म्हणालो. वाजवून बघितलं आणि चांगलं हाय म्हणालो. माठ वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर त्या लेकरानं डोकं पुढं केलं होतं. एवढ्यातेवढ्यावरून देवाला हाक मारायची माझी सवय नाही, पण तेव्हा मारली. सर तिचं नाव घेत होते. गोलंदाज मुलगी तोंडावर हात धरून रडत होती.

वैष्णवीनं डोळे उघडले. "चौका गेला का?" तिनं विचारलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती उठून बसली. कान लाल झाला होता, बाकी रक्त नाही, काही नाही. ती लगेच बॅट मागायला लागली. प्राजक्तानं सरांना बाजूला घेऊन निक्षून सांगितलं की डोक्याला मार लागल्यावर आज खेळायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. सरांनी ऐकलं. वैष्णवी चिडली. आणि त्यात मी तिचं हेल्मेट हातात घेतलं आणि म्हणालो, "हे आता परत देणार न्हाई."

"काहून? ह्यानंच तर वाचवलं मला! तुमीच म्हणले चांगलं हाय."

तेच. इतकी वर्षं माझंही हेच म्हणणं होतं. ज्यानं वाचवलं ते शुभ. मी तिला अस्तर बाजूला करून दाखवलं. थोड्या वेळापूर्वी सारखा असलेला थर कानाच्या वर दबून सपाट झाला होता. कवचावर मात्र चेंडूचा लालसर डाग सोडला तर काही नव्हतं. रुमालानं पुसलं असतं तर तेही गेलं असतं. "बाई, त्याचं काम झालं," मी म्हणालो. "आता ते पुन्हा वाचवू शकत न्हाई. दिसतंय तसंच, पण उरलं न्हाई काही."

तिनं बोटानं तो खड्डा चाचपला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून दोन दिवस झोपून राहायला सांगितलं. डोकं दुखलं, मग थांबलं. सामना गोरेगाव हरलं, आणि त्याबद्दल ती मला अजून बोल लावते.

तिसऱ्या हेल्मेटाचा माग त्याच दिवशी सुरू केला. साखऱ्याचा कप्तान फोनवर भेटला. "लई भारी हेल्मेट होतं काका ते! कसं गुळगुळीत. वसमतच्या पोरांनी बदल्यात दोन देले, म्हणून देऊन टाकलं." दुसऱ्या दिवशी वसमतला गेलो. तिथं एकानं सांगितलं, त्याच्या मेहुण्यानं रंग आवडला म्हणून नेलं. मेहुण्यानं सांगितलं, पोलिसांची तपासणी चालू होती तेव्हा मोटारसायकलवर घालायला मित्राला दिलं. मित्र म्हणाला, जत्रेत कुणाच्या तरी गाडीला अडकवलं होतं, राहून गेलं. पुढं रस्ता संपला. वर्ष होऊन गेलं, मी अजून विचारत फिरतो. ते हेल्मेट साधं, डागाळलेलं असतं तर कुठंतरी कोपऱ्यात पडून राहिलं असतं. माझ्या रंगामुळं ते हातोहात गेलं, ज्याला दिसलं त्यानं मागून नेलं. आयुष्यात माझं इतकं देखणं काम दुसरं कुठलं झालं नाही.

भिंतीवरची सगळी हेल्मेटं मी त्या आठवड्यात उतरवली. जी सांधलेली होती किंवा ज्यांची आठवण नव्हती, त्यांचे पट्टे कापून टाकले. आता कुणी मार लागलेलं हेल्मेट घेऊन आला की मी लांबी काढत नाही. पांढऱ्या रंगाचा डबा काढतो, मार लागला त्या जागी आडवे-उभे टाके रंगवतो, पट्टा कापतो आणि परत देतो. गिऱ्हाईक भांडतात. एकजण म्हणाला, दुरुस्तीला आणलं होतं, तुम्ही तर तेरावा घातला. बरीचशी गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जातात आणि तिथं कोण लांबी भरतो, ते मला माहीत आहे, कारण त्याला ती भरायला मीच शिकवलं. त्याच्याकडं तीनदा जाऊन आलो. तो चहा पाजतो आणि मान डोलावतो.

वैष्णवीच्या हेल्मेटावर डाव्या कानाच्या वर मी पाच टाके काढून दिले. तिनं ते घरी खुंटीला टांगलंय. आता ती हिंगोलीला कॉलेजात येते. अधूनमधून दुकानात डोकावते आणि आधी एकच गोष्ट विचारते, "काका, सापडलं का?"

मी नाही म्हणतो. खरं सांगायचं तर लेख लिहायला मी तयार झालो तो त्यासाठीच. हा अंक गावोगावी जातो, माझ्या पायांनी जमत नाही तिथपर्यंत पोचतो. म्हणून आता गमती पुरे. जरा उठा आणि घरात बघा. खुंटीला, गोठ्यात, मुलाच्या किटमध्ये, गाडीच्या हँडलला एखादं गडद निळं क्रिकेटचं हेल्मेट आहे का? असलं तर अस्तर उलटून बघा. पिवळ्या धाग्याची शिलाई दिसली, तर ते माझं. वाजवून बघत बसू नका, माझ्या कानावर आता माझाच भरवसा नाही. कुणाच्या डोक्यात घालू नका, कुणी मागितलं तर देऊ नका, आजच्या आज पट्टा कापा. आणि ते नव्यासारखं दिसतंय म्हणून हात अडखळला, तर एवढं ध्यानात ठेवा की तो रंग मी दिलाय.